शोक कोणाचा? : पाळीव श्वानांच्या व्यक्तिचित्रांतील स्वामी, सेवक आणि चित्रकार

सारांश

पाळीव प्राण्यांची, विशेषतः श्वानांची, व्यक्तिचित्रे हा युरोपीय चित्रकलेतील दीर्घ परंपरेचा, परंतु कलासमीक्षेने बहुधा दुय्यम मानलेला प्रकार आहे. प्रस्तुत लेखात सोळाव्या शतकातील जाकोपो बस्सानोपासून एकविसाव्या शतकातील लुसियन फ्रॉइडपर्यंतच्या निवडक चित्रांच्या आधारे या प्रकाराची चिकित्सा केली आहे. एकोणिसाव्या शतकातील चित्रांत श्वान आपल्या मृत स्वामीसाठी शोक करताना दिसतो. वास्तवात मात्र बहुतेक वेळा मनुष्यच आपल्या श्वानाच्या मागे उरतो. हा उलटा क्रम योगायोगाचा नसून, प्राण्यासाठी शोक करण्यास सामाजिक मान्यता नसल्याचा तो परिणाम आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : व्यक्तिचित्र, पाळीव प्राणी, सादृश्य, स्वामित्व, शोक, लँडसीअर, निपर, फ्रॉइड

प्रस्तावना

'श्वानाचे व्यक्तिचित्र' हा शब्दप्रयोग मराठी वाचकास प्रथमदर्शनी काहीसा विसंगत वाटण्याची शक्यता आहे. आजच्या मराठीत 'व्यक्ती' म्हणजे माणूस. प्राण्याला व्यक्ती म्हणण्याचा प्रघात नाही. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ इतका मर्यादित नाही. जे व्यक्त झाले, इतरांपासून वेगळे होऊन प्रकट झाले, ती व्यक्ती. न्यायदर्शनात शब्दाच्या अर्थाची चर्चा करताना व्यक्ती, आकृती आणि जाती अशा तीन संकल्पना मांडलेल्या आहेत आणि त्या चर्चेतील नेहमीचे उदाहरण माणसाचे नसून गाईचे आहे. समोर उभी असलेली विशिष्ट गाय ही व्यक्ती, तिच्या अवयवांची रचना ही आकृती आणि सर्व गाईंना समान असलेले गोत्व ही जाती. पाळीव प्राण्याच्या चित्राची समीक्षा करण्यासाठी ही त्रयी अत्यंत उपयुक्त आहे. चित्रकाराच्या हाती येते ती केवळ आकृती. त्या आकृतीतून तो जातीकडे जातो की व्यक्तीकडे, हा या चित्रप्रकारातील कळीचा प्रश्न होय.

भारतीय दृश्यपरंपरेत श्वान अनुपस्थित नाही. महाराष्ट्रातील घराघरांत असलेल्या दत्तात्रेयाच्या तसबिरीत चार श्वान असतात. तथापि, ते चार वेदांचे प्रतीक मानले जातात. त्यांना स्वतःचे नाव नाही, स्वभाव नाही. नामदेवांच्या आख्यायिकेतील श्वान हा सर्वाभूती परमेश्वर पाहण्याच्या दृष्टीचे निमित्त आहे. मोगल दरबारात मन्सूरने 1621 मध्ये जहांगीरसाठी रंगवलेला झेब्रा हा सूक्ष्म निरीक्षणाचा अप्रतिम नमुना असला, तरी तो एका दुर्मिळ प्राण्याची नोंद म्हणून रंगवला गेला. घरात वावरणारा, नावाने हाक मारला जाणारा आणि एके दिवशी मरण पावणारा प्राणी हा चित्रविषय म्हणून रुजला तो मुख्यतः युरोपात. म्हणून प्रस्तुत विवेचनाचे क्षेत्र युरोपीय चित्रकला हेच ठेवले आहे. त्यातील एका चित्राशी मराठी समाजाचा फार जुना परिचय आहे. त्याचा विचार पुढे यथास्थळी येईल.

मानवी व्यक्तिचित्रात तीन पक्ष असतात : चित्र काढवून घेणारा, समोर बसणारा आणि चित्रकार. पुष्कळदा पहिले दोन पक्ष एकच असतात. प्राण्याच्या चित्रात मात्र ते कधीही एक होऊ शकत नाहीत. ज्याचे चित्र काढले जाते तो ते मागत नाही, पाहून ओळखत नाही आणि नापसंतही करत नाही. साधले की नाही याचा निवाडा सर्वस्वी मालकाकडे असतो. त्यामुळे प्राण्याची बाजू सांभाळण्याची जबाबदारी एकट्या चित्रकारावर येते. या प्रकारातील यशापयशाचे मूळ या विषम रचनेत आहे.

नाव नसलेला आणि नाव मिळालेला श्वान

व्हेनिसच्या परिसरात काम करणाऱ्या जाकोपो बस्सानो याने 1548 च्या सुमारास रंगवलेले 'खुंटाला बांधलेले दोन शिकारी कुत्रे' हे चित्र आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. पाश्चात्त्य चित्रकलेत केवळ श्वानांना वाहिलेल्या आरंभीच्या चित्रांत त्याची गणना होते. अंतोनियो झंतानी या व्हेनिसमधील सरदाराने ते करवून घेतल्याची नोंद चित्रकाराच्या हिशेबवहीत सापडते. मालकाचे नाव असे वहीत उरले. त्या दोन कुत्र्यांची नावे मात्र उरली नाहीत. तरीही एकाचे बसणे आणि दुसऱ्याचे उभे राहणे यांतील फरक चित्रकाराने इतक्या अगत्याने टिपला आहे की, ती दोन कुत्र्यांची नव्हे, या दोन कुत्र्यांची आकृती आहे याविषयी संशय राहत नाही.

फ्रान्सच्या राजदरबारात ही स्थिती पालटली. अलेक्झांद्र-फ्रांस्वा देपोर्त (1661-1743) याने चौदाव्या लुईच्या शिकारी कुत्र्या रंगवल्या. 'बॉन, नॉन आणि पॉन' हे 1702 चे चित्र त्यांपैकीच. झां-बाप्तिस्त उद्री (1686-1755) याने 1725 मध्ये पंधराव्या लुईच्या 'मिस' आणि 'तुर्लू' या शिकारी कुत्र्या चितारल्या. या चित्रांत प्राण्यांची नावे सोनेरी अक्षरांत लिहिलेली आढळतात. देपोर्त शिकारीच्या वेळी राजाच्या मागोमाग जाऊन टिपणवहीत रेखने करी आणि नंतर चित्रशाळेत चित्र पूर्ण करी. समोर स्थिर न बसणाऱ्या विषयाचे सादृश्य साधण्याचा तो व्यवहार्य मार्ग होता.

सोनेरी अक्षरांतील हे नाव दुहेरी अर्थाचे आहे. एकीकडे ते प्राण्याला व्यक्तित्व बहाल करते. दुसरीकडे ते राजाच्या मालमत्तेची नोंदही करते. शिकारीत पटाईत असणे हीच चित्रात येण्याची पात्रता होती. आंद्रे फेलिबियां याने 1667 मध्ये मांडलेल्या चित्रप्रकारांच्या उतरंडीत सजीव प्राणी रंगवणारा हा निर्जीव वस्तू रंगवणाऱ्याच्या वरचा, परंतु मानवी आकृती रंगवणाऱ्याच्या खालचा ठरला होता. प्राणिचित्रकारास प्रतिष्ठा मिळाली ती राजाच्या सान्निध्याने. विषयाच्या बळावर नव्हे.

उद्रीच्याच उत्तरकाळातील एक चित्र या उतरंडीस छेद देते. 1752 मध्ये रंगवलेल्या आणि पुढील वर्षी पॅरिसच्या सालोनमध्ये मांडलेल्या 'पिल्लांना पाजणारी कुत्री' या चित्रात ना राजा आहे, ना शिकार. गवताच्या अंथरुणावर पिल्लांना सांभाळणारी आई आणि तिच्यावर पडलेला उजेड एवढाच त्याचा विषय. जडवादी तत्त्वचिंतक बॅरन होल्बाख याने ते विकत घेतले. प्राण्याचे जगणे स्वतःच्या बळावर चित्राचा भार पेलू शकते, हे येथे सिद्ध झाले. ही कुत्री निनावी असली, तरी कोणाची शोभाही नाही.

ग्राहकाविना रंगवलेले श्वान

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात या प्रकाराला घरगुती वळण लागले. विल्यम होगार्थ याने 1745 मध्ये स्वतःचे व्यक्तिचित्र आपल्या 'ट्रम्प' नामक पग कुत्र्यासह रंगवले. त्यातील मांडणी लक्षणीय आहे. होगार्थचा चेहरा चित्रातल्या चित्रात, म्हणजे लंबगोल कॅनव्हासवर आहे. ट्रम्प मात्र त्या कॅनव्हासच्या पुढे प्रत्यक्ष बसलेला दाखवला आहे. शेक्सपिअर, मिल्टन आणि स्विफ्ट यांचे ग्रंथ धन्याच्या चित्राखाली रचलेले आहेत. कुत्र्याला त्या आधाराची गरज नाही. चित्रातील वास्तव जगाचा रहिवासी कोण, या प्रश्नाचे होगार्थने दिलेले उत्तर मिस्कील आहे, तसेच गंभीरही.

थॉमस गेन्सबरो याने 1775 ते 1785 या दशकात कधीतरी आपल्या घरचे 'ट्रिस्ट्रम आणि फॉक्स' हे कुत्रे रंगवले. सरदारांच्या रेशमी वस्त्रांवर फिरणारा त्याचा कुंचला येथे अधिक मोकळा आहे. पैसे देणारा ग्राहक नसल्याने कोणास प्रसन्न करण्याचे कारणही नव्हते. दोन मुखे, दोन भिन्न नजरा आणि भोवती अंधुक पार्श्वभूमी. चित्रकार हाच मालक असला म्हणजे प्रस्तावनेत उल्लेखिलेली विषम रचना नाहीशी होत नाही, पण तिचा ताण पुष्कळच सैल होतो.

जॉर्ज स्टब्ज (1724-1806) याचा मार्ग वेगळा होता. लिंकनशायरमधील हॉर्कस्टो येथील एका शेतघरात सुमारे दीड वर्ष घोड्यांच्या शवांचे विच्छेदन करून त्याने केलेली रेखने 1766 मध्ये 'घोड्याची शरीररचना' या ग्रंथात प्रसिद्ध झाली. स्टब्जचे ग्राहक जमीनदार व शर्यतीचे घोडे बाळगणारे उमराव होते आणि त्यांना आपल्या जनावराची किंमत चित्रात दिसावी अशी अपेक्षा असे. तरीही 1780 च्या सुमाराचे 'होडीतील पांढरा पूडल' हे चित्र पाहावे. सपाट तळाच्या होडीत उभा असलेला हा कुत्रा प्रेक्षकाकडे पाहतो आहे. त्या पाहण्यात विनवणी नाही, निष्ठेचे प्रदर्शन नाही. पायांखालच्या डुलत्या फळ्यांविषयीची सावधगिरी मात्र आहे. प्राण्याच्या मनात काय चालले आहे हे सांगण्याचा दावा न करता त्याच्या देहाला काय जाणवते आहे, एवढेच स्टब्ज सांगतो. हा संयम त्याला शरीरशास्त्राने शिकवला असावा. आकृती पूर्णपणे हाती आल्यामुळे भावनेची भर घालण्याची त्याला आवश्यकता भासली नाही.

लँडसीअर : शोकाची उलटी दिशा

एडविन लँडसीअर (1802-1873) हा या परंपरेतील सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत विवाद्य चित्रकार. 1836 मध्ये त्याने तत्कालीन राजकन्या व्हिक्टोरियाचा 'डॅश' हा स्पॅनियल रंगवला आणि तेथून राजघराण्याशी त्याचे दीर्घ नाते जडले. हेक्टर, नीरो आणि डॅश या कुत्र्यांसमवेत लोरी नावाच्या पोपटाचे 1838 चे चित्र, राजपुत्र अल्बर्टच्या 'ईऑस' या ग्रेहाउंड कुत्रीचे 1841 चे चित्र ही त्याची ठळक उदाहरणे. त्याच्या चित्रांवरून कोरलेल्या ठशांची छापचित्रे मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर पोहोचली. या कामी त्याचा बंधू थॉमस याचा मोठा वाटा होता. काळ्या-पांढऱ्या न्यूफाउंडलंड कुत्र्यांना आजही 'लँडसीअर' म्हणतात, यावरून त्या प्रभावाची कल्पना येते.

ईऑसच्या चित्रात धनी दिसत नाही. त्याची उंच टोपी, हातमोजे आणि काठी तेवढी आहे. काळीभोर ईऑस ताठ उभी राहून चौकटीबाहेरच्या कोणाकडे तरी पाहत आहे. रेषेचा आखीवपणा आणि रंगांचा आटोपशीर वापर यांमुळे हे चित्र भावविवशतेपासून दूर राहते. परंतु धन्याची अनुपस्थिती आणि प्राण्याची प्रतीक्षा हे सूत्र येथे उघडपणे हाती लागते. हेच सूत्र त्याने 1837 च्या 'वृद्ध मेंढपाळाचा प्रमुख शोककर्ता' या चित्रात टोकाला नेले होते. साध्या झोपडीत मेंढपाळाची शवपेटी आहे. भोवती एकही माणूस नाही. मेंढपाळाच्या कुत्र्याने त्या पेटीवर आपली मान टेकली आहे. जॉन रस्किन याने 1843 मध्ये 'मॉडर्न पेंटर्स'च्या पहिल्या खंडात या चित्राची मनःपूर्वक प्रशंसा केली. कुत्र्याच्या छातीचा लाकडावरील दाब, पंजांनी ओढले गेलेले पांघरूण, खोलीतील निःस्तब्धता अशा एकेका तपशिलातून त्याने मृताचे एकाकी आयुष्य वाचून दाखवले.

रस्किनचे वाचन मार्मिक आहे. मात्र एक प्रश्न त्यात उपस्थित होत नाही. कुत्र्याचे आयुष्य साधारणतः दहा ते तेरा वर्षांचे. त्यामुळे एका मनुष्याच्या हयातीत एकामागून एक अनेक कुत्रे येतात व जातात. घराघरांत प्रत्यक्षात घडणारा प्रसंग हा, की कुत्रा मरतो आणि माणूस मागे उरतो. डॅश 1840 मध्ये गेला, ईऑस 1844 मध्ये गेली. त्यांचे धनी मागे राहिले. मग चित्रांत हा क्रम उलटा का?

याचे कारण शोकाच्या अधिकारात शोधावे लागते. प्रत्येक समाजात कोणासाठी किती काळ आणि कितपत उघडपणे शोक करावा याचे संकेत ठरलेले असतात. व्हिक्टोरियन इंग्लंडने तर शोकवस्त्रांचे आणि शोककालाचे तपशीलवार नियम घडवले होते. त्या नियमांत जनावराला स्थान नव्हते. कुत्र्यासाठी व्याकूळ झालेला प्रौढ पुरुष हास्यास्पद ठरला असता. धन्यासाठी व्याकूळ झालेला कुत्रा मात्र उदात्त ठरला. जी भावना मनुष्याला स्वतःच्या नावाने व्यक्त करता येत नव्हती, ती त्याने प्राण्याच्या मुखावर नेऊन ठेवली. अशा रीतीने लँडसीअरचा कुत्रा शोककर्ता झाला, पण तो वाहत होता तो शोक माणसाचाच होता. हे आख्यान केवळ इंग्लंडपुरते नाही. रायगडावरील वाघ्याची कथा मराठी माणसास परिचित आहे. तिच्या ऐतिहासिकतेचा वाद हा इतिहाससंशोधनाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवायचे की, धन्याच्या मागे जगू न शकणारा श्वान ही कल्पना त्या कथेचाही गाभा आहे.

जातीचे चित्र आणि सेवकाचे चित्र

लँडसीअर 1873 मध्ये निवर्तला. त्याच वर्षी लंडनमध्ये केनेल क्लबची स्थापना झाली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. 1859 मध्ये न्यूकॅसल येथे भरलेल्या श्वानप्रदर्शनापासून कुत्र्यांच्या जातींची मोजमापे निश्चित होऊ लागली होती. कान किती उभे, पाठ किती सरळ, शेपटी कशी, याचे मानदंड ठरले. चित्रकारांपुढे नवा ग्राहक आला : पारितोषिकप्राप्त कुत्र्याचा मालक. त्याला हवी होती जातीच्या लक्षणांची बिनचूक साक्ष. न्यायदर्शनाच्या परिभाषेत सांगायचे तर येथे आकृती व्यक्तीकडून निघून जातीकडे गेली. बाजूने दिसणारा उभा देह, मोकळी पार्श्वभूमी, चारही पाय स्पष्ट, अशी या चित्रांची ठरावीक घडण झाली.

मॉड अर्ल (1864-1943) ही या काळातील अग्रगण्य चित्रकर्ती. जातिवंत कुत्र्यांच्या चित्रणात तिचा हात धरणारे थोडेच होते. पण तिचे सर्वपरिचित चित्र जातीचे नव्हे, तर शोकाचे आहे. सातवा एडवर्ड 1910 मध्ये मरण पावल्यावर त्याचा 'सीझर' हा फॉक्स टेरियर अंत्ययात्रेत सहभागी झाला होता. त्याच वर्षीच्या 'मूक शोक' या चित्रात अर्लने त्याला राजाच्या रिकाम्या खुर्चीवर डोके टेकवलेला दाखवले. लँडसीअरची शवपेटी जाऊन तेथे खुर्ची आली. कुत्र्याच्या मानेची ठेवण मात्र जवळजवळ तीच राहिली. एका विशिष्ट प्राण्याचे निरीक्षण संपून संकेत सुरू झाल्याची ही खूण होय.

निपर : चित्र एकाचे, कथा दुसऱ्याची

मराठी समाजाने सर्वाधिक वेळा पाहिलेले श्वानाचे व्यक्तिचित्र कोणते, असा प्रश्न केला तर उत्तर निर्विवाद आहे. कर्ण्यासमोर मान किंचित कलती करून बसलेला कुत्रा 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्यांवरून विसाव्या शतकात घरोघरी पोहोचला. नाट्यसंगीताच्या, भावगीतांच्या, अभंगांच्या असंख्य तबकड्यांवर तो गरगर फिरत राहिला. भारतातील या कंपनीने 2000 साली 'सारेगामा' हे नाव स्वीकारले. तरी जुन्या पिढीच्या स्मरणातून ते चित्र गेलेले नाही. मात्र ते मूलतः एका खऱ्या, पाळलेल्या कुत्र्याचे चित्र आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

त्या कुत्र्याचे नाव निपर. जन्म 1884, ब्रिस्टल येथे. त्याचा पहिला धनी मार्क बॅरॉड हा नाटकांचे पडदे रंगवणारा कलावंत. मार्क 1887 मध्ये वारला आणि निपर त्याच्या चित्रकार भावाकडे, फ्रान्सिस बॅरॉडकडे आला. निपर 1895 मध्ये मरण पावला. त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी फ्रान्सिसने त्याचे चित्र रंगवले. त्यात कुत्र्यासमोर सिलिंडर वाजवणारा फोनोग्राफ होता. कर्णा अधिक उजळ दिसावा म्हणून पितळी कर्णा उसना मागण्याच्या निमित्ताने तो ग्रामोफोन कंपनीत गेला. कंपनीच्या व्यवस्थापकाने फोनोग्राफऐवजी ग्रामोफोन रंगवण्याच्या अटीवर चित्र घेण्याची तयारी दाखवली. 1899 मध्ये चित्रासाठी 50 आणि स्वामित्वहक्कासाठी 50 असे एकूण 100 पौंड त्याला मिळाले. वरच्या रंगाखाली आधीच्या यंत्राच्या खुणा आजही जाणवतात. पुढे 1924 मध्ये मृत्यू येईपर्यंत बॅरॉडने त्या चित्राच्या 24 प्रतिकृती केल्या.

या घटनाक्रमात प्रस्तुत विवेचनाचे सूत्र लख्ख दिसते. चित्र काढतेवेळी मृत होता तो कुत्रा. जिवंत होता तो त्याचा दुसरा धनी. म्हणजे हे चित्र एका माणसाने आपल्या गेलेल्या कुत्र्याच्या आठवणीने काढलेले आहे. परंतु चित्राला लाभलेल्या नावाने अर्थाची दिशा फिरवली. कुत्रा आपल्या मृत धन्याचा मुद्रित आवाज ऐकत आहे, अशी दंतकथा रूढ झाली. ज्या चकचकीत पृष्ठभागावर तो बसला आहे, तो शवपेटीचे झाकण असल्याचीही आख्यायिका पसरली. लँडसीअरच्या मेंढपाळाची शवपेटी लोकांच्या कल्पनेने येथवर आणून ठेवली, असे म्हणता येईल. कुत्र्यासाठीचा शोक पुसला गेला आणि कुत्र्याने करावयाचा शोक वर आला. आणि त्याच रूपात तो जगभर विकला गेला.

तरीसुद्धा चित्र म्हणून निपरमध्ये एक अस्सल गोष्ट टिकून आहे, ती म्हणजे मानेचा कल. आवाज कोठून येतो हे न उमगल्यावर कुत्रा ज्या रीतीने मान वाकडी करतो, ती लकब बॅरॉडने अनेक वर्षांच्या सहवासातून उचललेली आहे. तीत निष्ठा नाही, शोक नाही. निव्वळ कुतूहल आहे. चित्राभोवतीच्या कथेहून चित्र अधिक प्रामाणिक आहे.

एक आक्षेप आणि त्याचे मूल्य

प्राण्यांवर मानवी भाव लादल्याचा आरोप लँडसीअरवर सातत्याने झाला आहे. प्रस्तुत लेखातील भूमिकाही त्या दिशेने झुकते. म्हणून विरुद्ध बाजूचा पुरावा नोंदवणे आवश्यक आहे. चार्ल्स डार्विन याने 1872 मध्ये माणसाच्या व प्राण्यांच्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात आक्रमक आणि लाडात आलेल्या कुत्र्यांच्या देहबोलीची चित्रे आहेत आणि त्यांपैकी काही ब्रिटन रिव्हिएर या प्राणिचित्रकाराने काढलेली आहेत. भावना केवळ मनुष्याची मिरासदारी नव्हे, हे विज्ञानानेच तेथे मांडले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसून आले की, भुवईचा आतील भाग वर उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये विकसित असतो. लांडग्यांमध्ये तो तसा आढळत नाही. ज्याला करुण मुद्रा म्हणतात, ती माणसाच्या सहवासात हजारो वर्षांत घडत गेलेली देहरचना असू शकते.

तेव्हा कुत्र्याच्या मुखावर भाव दिसतात हे चित्रकाराचे कपोलकल्पित नाही. पण भुवई उचलली जाणे ही आकृती आहे. तिचा अर्थ 'धन्यासाठी विलाप' असा ठरवणे ही कथा आहे. उत्तम चित्रकार पहिली गोष्ट निष्ठेने रंगवतो आणि दुसरीविषयी मौन पाळतो.

शोक स्वतःच्या नावावर

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन ब्रिटिश चित्रकारांनी हा प्रकार ग्राहकाच्या मागणीतून मोकळा करून पुन्हा हाती घेतला. डेव्हिड हॉकनी याने 1995 मध्ये आपल्या 'स्टॅन्ली' आणि 'बूजी' या डॅक्सहुंड कुत्र्यांची चाळीसहून अधिक चित्रे रंगवली. जवळचा मित्र हेन्री गेल्डझालर 1994 मध्ये मरण पावल्यानंतरची ही चित्रे आहेत. पण त्यांतील कुत्र्यांना त्या शोकाची खबर नाही. ते झोपतात, कूस बदलतात, एकमेकांना टेकून पडतात. कुत्रे क्षणात उठून जातात म्हणून हॉकनीने रंगसाहित्य घरात जागोजागी मांडून ठेवले आणि चित्रफलक खाली, त्यांच्या पातळीवर आणला. कलेच्या दृष्टीने हा निर्णय फार महत्त्वाचा आहे. माणूस उभा राहून पाहतो तेव्हा कुत्रा वर मान करून पाहणारा सेवकच दिसतो. माणूस खाली बसला की तो शेजारी होतो.

लुसियन फ्रॉइड (1922-2011) याने आपली 'प्लूटो' ही व्हिपेट कुत्री अनेक चित्रांत रंगवली. 1997 च्या 'सनी मॉर्निंग - एट लेग्ज' या चित्रात पलंगावर पहुडलेल्या नग्न पुरुषाच्या कुशीत प्लूटो निवांत आहे. माणसाची त्वचा आणि कुत्रीची कातडी एकाच शोधक कुंचल्याने, एकाच तटस्थ आस्थेने रंगवलेली आहे. फेलिबियांच्या उतरंडीचा मागमूसही तेथे उरत नाही. प्लूटो 2003 मध्ये मरण पावली. त्याच वर्षी फ्रॉइडने 'प्लूटोची कबर' हे चित्र केले. त्यात कुत्री नाही, शोक करणारे कोणी नाही. बागेतला एक कोपरा, जमीन, गळलेली पाने एवढेच आहे.

या चित्राचे मोल लँडसीअरच्या शवपेटीशेजारी ठेवल्यावर कळते. तेथे मेलेल्या माणसाजवळ जिवंत कुत्रा होता. येथे मेलेल्या कुत्रीजवळ जिवंत माणूस आहे आणि तो चौकटीच्या बाहेर, कुंचला घेऊन उभा आहे. दीडशेहून अधिक वर्षांनी शोकाची दिशा सरळ झाली. प्राण्याच्या मुखवट्याआड न दडता चित्रकाराने तो स्वतःच्या नावावर घेतला.

आजच्या चित्रकारापुढील प्रश्न

आज पाळीव प्राण्यांची व्यक्तिचित्रे काढून देणे हा भारतातील शहरांतही अनेक चित्रकारांच्या उपजीविकेचा भाग झाला आहे. बहुतेक काम छायाचित्रांवरून होते आणि पुष्कळदा प्राणी गेल्यानंतरच ते सांगितले जाते. भ्रमणध्वनीने जवळून घेतलेल्या छायाचित्रात नाक मोठे आणि देह आखूड दिसतो. प्रकाशझोताने डोळे चमकतात. माणसाच्या उंचीवरून टिपल्यामुळे प्राणी सदैव वर पाहणारा, काही मागणारा दिसतो. छायाचित्राची केवळ नक्कल केली तर हे सर्व दोष चित्रात उतरतात आणि मालकाला ते गोडही वाटतात. संगणकप्रणालीकडून काही क्षणांत अशी प्रतिमा आता मिळू शकते. तिच्यात जातीची लक्षणे बिनचूक असतील. परंतु निपरच्या मानेचा कल ज्या सहवासातून आला, तो तिच्यापाशी नाही.

म्हणून चित्रकाराने मालकाला विचारावयाचा प्रश्न 'कुत्रा कसा दिसत होता' इतकाच नसावा. तो कोठे बसत असे, दार वाजल्यावर काय करीत असे, कोणता पाय आखडून झोपत असे, हेही विचारले पाहिजे. व्यक्तीचा ठाव आकृतीच्या अशा लहान विशेषांत लागतो. मालकाचे दुःख खरे आहे, त्याचा अवमान होता कामा नये. मात्र ते दुःख प्राण्याच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब रंगवून फेडता येत नाही.

समारोप

श्वानाच्या व्यक्तिचित्राचा इतिहास हा एका अर्थी माणसाच्या संकोचाचा इतिहास आहे. राजाने त्याला वैभवाची खूण केले, प्रदर्शनाने जातीचा नमुना केले, व्हिक्टोरियन अभिरुचीने आदर्श शोककर्ता केले आणि व्यापाराने बोधचिन्ह केले. या प्रत्येक टप्प्यावर काही चित्रकारांनी तो प्राणी जसा होता तसा राहू दिला : उद्रीची आई, स्टब्जचा सावध पूडल, गेन्सबरोचे दोन घरचे कुत्रे, बॅरॉडच्या निपरची मान, हॉकनीचे झोपलेले सोबती. मराठीत 'पाळणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : पोसणे, आणि दिलेला शब्द राखणे. पाळीव प्राण्याच्या चित्रकाराकडून या दोन्ही अर्थांची अपेक्षा करता येते. जो स्वतःची बाजू मांडू शकत नाही, त्याच्या आकृतीशी इमान पाळणे हे त्याचे कर्तव्य होय. कलासमीक्षेनेही या प्रकाराकडे केवळ भावुक करमणूक म्हणून न पाहता, मनुष्य आपल्या प्रेमाची आणि हानीची कबुली कितपत देऊ शकतो, याचा पुरावा म्हणून पाहणे अगत्याचे आहे.